दिवा लागला नाही म्हणजे नेमकं काय बिघडलं?

टी.वाय.च्या वर्गाला कोरम सेन्सिंग शिकवताना मी वर्षानुवर्षं फळ्यावर तेच चित्र काढत आले. जिवाणू एक छोटा रेणू बाहेर सोडतात, गर्दी वाढली की तो साचतो, पुरेसा साचला की पेशीतल्या एका प्रथिनाला चिकटतो आणि ते प्रथिन डीएनएवर बसून जनुकं चालू करतं. चार बाण, एक तास, आणि शेवटी हवाईच्या छोट्या स्क्विडचा फोटो, ज्याच्या पोटाशी हे जिवाणू चमकतात. मुलं फोटोवर खूश, मी पोर्शन संपला म्हणून खूश.

नोकरी सांभाळून पीएच.डी.ला नाव नोंदवलं तेव्हा सरांनी विषय दिला तो त्यातल्या शेवटच्या दोन बाणांचा. प्रथिनातलं एकेक अमिनो आम्ल बदलायचं आणि जनुकं चालू होतात का ते पाहायचं. मला वाटलं होतं, उत्तरं दोनच असतील: होतात किंवा होत नाहीत. पुढची वर्षं गेली ती ‘होत नाहीत’चे प्रकार वेगळे करण्यात.

ज्यांचा हा विषय नाही त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगते. १९७० मध्ये नील्सन, प्लॅट आणि हेस्टिंग्ज यांनी व्हिब्रिओ फिशराय या सागरी जिवाणूबद्दल दाखवलं की विरळ असताना तो प्रकाश देण्याची यंत्रणा तयारच करत नाही. दाटी झाली की करतो. १९८१ मध्ये त्यामागच्या रेणूची रचना कळली, १९८३ मध्ये प्रकाशाची सगळी जनुकं उचलून इ. कोलाय या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या जिवाणूमध्ये घातली गेली आणि इ. कोलाय चमकू लागला. ‘कोरम सेन्सिंग’ हे नाव मात्र १९९४ मध्ये पडलं. फिशरायमधलं निरोप ओळखणारं प्रथिन म्हणजे लक्सआर. त्याचे भाऊबंद पुढे इतक्या जिवाणूंत सापडले की आता ‘लक्सआर कुटुंब’ असंच म्हणतात. (व्हिब्रिओ हार्वेयायमध्येही लक्सआर नावाचं एक प्रथिन आहे आणि त्याचा या कुटुंबाशी काडीचा संबंध नाही, ते टेटआर नावाच्या वेगळ्याच घराण्यातलं. ही नावं ठेवणाऱ्यांनी विद्यार्थ्यांचा विचार केला असता तर बरं झालं असतं.)

माझ्या वाट्याला आला याच कुटुंबातला लॅसआर. हा स्यूडोमोनास एरुजिनोझाचा. या जिवाणूला रुग्णालयातल्या लोकांनी ओळखण्यासाठी सूक्ष्मदर्शक लागत नाही. भाजलेल्या जखमा, कॅथेटर, व्हेंटिलेटरची नळी ही त्याची ठिकाणं. पू हिरवट असतो आणि प्लेट उघडली की द्राक्षासारखा गोड वास येतो. त्याचा निरोपाचा रेणू म्हणजे थ्री-ऑक्सो-सी१२-होमोसेरिन लॅक्टोन. हे नाव दिवसात दहादा कोण घेणार? लॅबमध्ये आम्ही ‘सी-बारा’ म्हणायचो, इथेही तसंच म्हणते. लॅसआरला सी-बारा मिळाला की इलास्टेजसारखी प्रथिनं फोडणारी विकरं, आरएचएल या पुढच्या कोरम सेन्सिंग यंत्रणेची जनुकं, अशी शेकडो जनुकं हलतात. म्हणजे आजार करण्याच्या क्षमतेचा मोठा भाग या एका प्रथिनाच्या हाताखाली आहे. त्यात अमिनो आम्लं २३९. त्यातली कुठली बदलायची?

निवड बरीचशी आधीच्यांनी करून ठेवली होती. कुटुंबातल्या ट्राआर या प्रथिनाची पूर्ण रचना २००२ मध्ये आली, लॅसआरच्या निरोप पकडणाऱ्या अर्ध्या भागाची २००७ मध्ये. ती रचना विभागातल्या जुन्या संगणकावर उघडून, माउसने फिरवून फिरवून मी तासन्‌तास बघितली आहे. मला सर्वांत चकित केलं ते सी-बारा कुठे आहे याने. चिकटतो म्हटल्यावर डोळ्यासमोर येतं की प्रथिनाच्या पृष्ठभागावर कुठेतरी येऊन बसत असेल. तसं नाही. तो पूर्ण आत गाडलेला आहे, बाहेरून दिसतही नाही. उकडीचा मोदक वळताना पारी सारणाभोवती मिटत जाते, तसं हे प्रथिन तयार होता होता त्या रेणूभोवती मिटतं. सी-बारा नसेल तर लॅसआर घडी न पडता पेशीतच गोळा होऊन बसतो. म्हणून तर सी-बारा न घालता लॅसआर शुद्ध करायला गेलं की हाती काही लागत नाही.

आतमध्ये त्या रेणूला धरून ठेवणारे हातही ठरलेले आहेत. ५६ वं टायरोसिन आणि १२९ वं सेरिन एका बाजूला, ७३ वं अ‍ॅस्पार्टेट दुसऱ्या बाजूला, आणि ६० वं ट्रिप्टोफॅन लॅक्टोनच्या कड्यापाशी. यांतलं ट्रिप्टोफॅन आणि अ‍ॅस्पार्टेट जवळजवळ सगळ्या कुटुंबात जसंच्या तसं आढळतं. यादीत ही चार घेतली. डीएनएला धरणारा भाग शेपटाकडच्या टोकाला असतो, तिथलीही काही घेतली. आणि एका रुग्णालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागाने दिलेल्या नमुन्यांत जी म्युटेशनं, म्हणजे जनुकातले बदल, निघतील ती. या शेवटच्या गटाने पुढे सगळ्यात जास्त त्रास दिला आणि सगळ्यात जास्त शिकवलंही.

म्युटंट, म्हणजे असा बदल असलेली प्रथिनं, बनवण्याचं काम कंटाळवाणं आहे, थोडक्यात सांगते. ज्या जागी बदल हवा तिथलं एखादं अक्षर चुकवलेले दोन प्रायमर, म्हणजे डीएनएचे छोटे तुकडे, मागवायचे, त्यांच्यावरून पूर्ण प्लाझ्मिडची (आपलं जनुक वाहणाऱ्या डीएनएच्या कड्याची) नक्कल पीसीआरने काढायची आणि मग डीपीएन-वन नावाचं विकर घालायचं. जुनं प्लाझ्मिड इ. कोलायमधून आलेलं असतं, त्यावर मिथाइलच्या खुणा असतात; डीपीएन-वन खुणा असलेलंच कापतं आणि नळीतली नवी नक्कल शिल्लक राहते. कागदावर छानच. पण स्यूडोमोनासच्या जनुकसंचात जी आणि सी या अक्षरांचं प्रमाण साधारण ६६ टक्के आहे. असा डीएनए उघडायला कुरकुरतो. थोडं डीएमएसओ हे द्रावक घातल्याशिवाय आमच्या नळीत काहीच होत नसे, आणि जास्त झालं की नक्कल काढणारं विकर, पॉलिमरेज, बंद पडतं. हा तोल प्रत्येक प्रायमरजोडीला वेगळा.

त्यात पुण्याचं वेळापत्रक. “मॅडम, आज गुरुवार. पाणी जाणार. मीडिया करायचा तर आत्ता करा,” असं लॅबमधले मामा सकाळी दारातच सांगायचे. मीडिया म्हणजे जिवाणू वाढवायचं खाद्य. पाणी गेलं की डिस्टिल्ड वॉटरचा प्लांट बंद, निर्जंतुक करणारा ऑटोक्लेव्ह बंद. मामांना पीसीआर काय ते माहीत नव्हतं, पण कुठल्या कामाला किती पाणी लागतं हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. माझ्या प्रबंधाच्या ऋणनिर्देशात त्यांचं नाव सरांच्या लगेच नंतर आहे आणि ते उगाच नाही.

आता चाचणी. इ. कोलायमध्ये दोन प्लाझ्मिडं घालायची. एकावर लॅसआर, जो अरॅबिनोज ही साखर दिली की तयार होतो. दुसऱ्यावर इलास्टेजच्या जनुकाचा प्रमोटर (जनुक जिथून चालू होतं ती डीएनएवरची जागा) आणि त्याच्या पुढे प्रकाशाची जनुकं. बाहेरून सी-बारा टाकला, लॅसआरने तो ओळखला, प्रमोटरवर बसला, की पेशी चमकतात. प्रकाशाची जनुकं फिशरायची न घेता फोटोऱ्हॅब्डसची घेतली, कारण फिशरायचं ल्युसिफरेज ३७ अंशांना टिकत नाही. अंधाऱ्या खोलीत डोळे सरावल्यावर तो निळसर हिरवा उजेड उघड्या डोळ्यांनी दिसतो. मोजायला यंत्र होतंच, पण पहिल्यांदा दिसला तेव्हा मी शेजारच्या विभागातल्या क्लार्क मावशींनाही बोलावून दाखवला.

सी-बारा सांभाळणं हे वेगळंच प्रकरण. मिलिग्रॅमच्या हिशोबात, महाग, परदेशातून येणारा. किंचित अ‍ॅसिटिक आम्ल घातलेल्या इथाइल अ‍ॅसिटेटमध्ये विरघळवून वजा वीसला ठेवायचा. वापरताना काचेच्या नळीत थेंब टाकून द्रावक उडू द्यायचा आणि मग मीडिया ओतायचा. प्लॅस्टिकच्या प्लेटमध्ये थेट टाकलं की पॉलिस्टायरिन पांढुरकं पडतं. शिवाय लॅक्टोनचं कडं अल्कधर्मी द्रावणात उघडतं आणि निरोप मरतो. साधा एलबी मीडिया रात्रभर वाढवला की त्याचा पीएच आठच्या वर जातो. म्हणजे जिवाणू वाढतायत, तुम्ही निरोप घातलाय, आणि सकाळपर्यंत तो निरोपच राहिलेला नाही. त्यामुळे बफर घातलेल्या मीडियाशिवाय या क्षेत्रातला आकडा कोणी दाखवला की मी अजून भुवया उंचावते.

मूळ लॅसआर झळाळत होता. ७३ व्या जागी अ‍ॅस्पार्टेटऐवजी अ‍ॅलानिन घातलेला अंधारात. डीएनए धरणाऱ्या भागातले दोन म्युटंट अंधारात. ६० वं ट्रिप्टोफॅन बदललेला मिणमिणता, आणि तोही सी-बारा भरपूर घातला तर. मी तक्ता केला, त्यात एक रकाना ‘निष्क्रिय’ असा केला आणि सरांच्या टेबलावर ठेवला.

“हे तिन्ही एकाच रकान्यात का?” सरांनी विचारलं.

“दिवा लागला नाही, सर.”

“ते दिसतंय. प्रथिन आहे का पेशीत?”

“असायला हवं.”

“असायला हवं असं प्रबंधात लिहिणार का? प्रथिन बनतंय का? बनत असेल तर घडी पडतेय का? पडत असेल तर निरोप धरतंय का? जोडी होतेय का? डीएनएवर बसतंय का? आणि एवढं सगळं करूनही आरएनए पॉलिमरेजला बोलवत नसेल तर? तुमची चाचणी फक्त शेवटचं बघते, मॅडम. मधलं सगळं तिला सारखंच दिसतं.”

सरांची बोलण्याची पद्धत कोरडी आहे, पण मला वाटतं माझं संशोधन सुरू झालं ते त्या दुपारी. त्याआधीचं सगळं स्वयंपाकघरातलं काम होतं.

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं वेस्टर्न ब्लॉटने मिळाली, म्हणजे नमुन्यात एखादं प्रथिन किती आहे ते रेघेच्या रूपात दाखवणाऱ्या चाचणीने. पेशी फोडायच्या, जोरात फिरवायच्या, वरचं द्रावण वेगळं, तळचा गाळ वेगळा, आणि दोन्हींत लॅसआर किती ते बघायचं. ७३ व्या जागेचा म्युटंट सगळाच्या सगळा गाळात. सी-बारा कितीही ओता, वर एक रेघ नाही. म्हणजे त्याच्या बाबतीत ‘डीएनएवर बसतो का’ हा प्रश्नच येत नाही. बसायला तो जाग्यावर असायला तर हवा. डीएनए धरणाऱ्या भागातले दोघे मात्र वरच्या द्रावणात, मूळ प्रथिनाइतकेच ठसठशीत. घडी व्यवस्थित, निरोप आत. बिघाड पुढे कुठेतरी.

मिणमिणत्या ६०व्याची गोष्ट मधली. ३७ अंशांना त्याचा बराचसा भाग गाळात, ३० अंशांना वाढवलं की वरची रेघ जाड होते आणि उजेडही वाढतो. घडी पडण्याचीच अडचण असली तर तापमान उतरवल्यावर असं होतं. हे प्रयोग ऐन मे महिन्यात आले. बाहेर चाळिशीला टेकलेलं पुणं, आणि आत आमचा शेकर, म्हणजे जिवाणू हलवत वाढवायचं यंत्र, ज्याला गरम करता येतं पण गार करता येत नाही. खोलीच ३४ अंश असेल तर शेकर ३० वर ठेवणार कसा? शेवटी शेजारच्या लॅबमधला कूलिंग शेकर रात्रीच्या वेळेत मागून घेतला. त्या लॅबची पीएच.डी. करणारी मुलगी म्हणायची, “ताई, तुमच्या बॅक्टेरियांचे नखरे आमच्यापेक्षा जास्त.” तिचं काम यीस्टवर होतं.

मग उरले डीएनएकडचे दोघे. डीएनएवर बसत नाहीत, की बसूनही काम करत नाहीत? यावर एग्लंड आणि ग्रीनबर्ग यांनी २००० मध्ये लक्सआरसाठी केलेली युक्ती मला आजही या क्षेत्रातली सगळ्यात देखणी वाटते. सामान्यतः लक्सआर प्रमोटरच्या थोडं मागे बसतो आणि जनुक वाचणाऱ्या आरएनए पॉलिमरेजला हात देतो. त्यांनी त्याची बसायची जागाच उचलून एका जोरदार प्रमोटरच्या −३५ आणि −१० या, पॉलिमरेज जिथे बसतं त्या, खुणांच्या मधोमध नेऊन ठेवली. आता लक्सआर तिथे बसला की पॉलिमरेजची वाट अडते. म्हणजे बसणं दिसतं ते जनुक बंद होण्यातून, आणि ते दिसण्यासाठी पॉलिमरेजशी बोलता येण्याची गरजच उरत नाही. याच वाटेने २००१ मध्ये लक्सआरमध्ये अशी अमिनो आम्लं सापडली, उदाहरणार्थ १९८, २०१ आणि २०६ क्रमांकाची, जी बदलली तर प्रथिन डीएनएवर नीट बसतं, पण जनुक चालू करत नाही. येतं, बसतं, आणि नुसतंच बसून राहतं. अशी माणसं आपण प्रत्येक कमिटीवर पाहिली आहेत.

आम्ही लॅसआरसाठी तसंच प्लाझ्मिड बांधलं. बांधायला वेळ लागला, उत्तर एका रात्रीत मिळालं. दोघांपैकी एकाने प्रमोटर मुळीच अडवला नाही. दुसऱ्याने मूळ प्रथिनाच्या जवळपास अडवला. एकाच रकान्यात शेजारी शेजारी लिहिलेले हे दोघे, दोन्ही पूर्ण अंधारे, आणि बिघाड दोन वेगळ्या पायऱ्यांवर.

जोडी होण्याचा प्रश्न आम्ही उलटा विचारला. हे प्रथिन जोडीनेच काम करतं. एकाच पेशीत मूळ लॅसआर आणि म्युटंट दोन्ही बनवले, तर जोडी होऊ शकणारा म्युटंट धडधाकट भिडूला अडकवून ठेवेल आणि उजेड कमी होईल. जो जोडीच करू शकत नाही तो बापडा काही बिघडवणार नाही. झालंही तसंच: डीएनएकडच्या म्युटंटांनी उजेड पार उतरवला, गाळात जाणाऱ्या ७३व्याने काहीच केलं नाही. म्हणजे जो म्युटंट जास्त मोडलेला, तोच शेजाऱ्यांना कमी त्रासाचा. मला हे फार आवडलं. सरांनी फक्त “कंट्रोल दाखवा” म्हटलं.

सगळी म्युटेशनं मोडतातच असंही नाही, हे या टप्प्यावर नीट वाचायला लागल्यावर कळलं. प्रिन्स्टनच्या बॉनी बॅसलर यांच्या गटाने २०१९ मध्ये १३० व्या ल्युसिनऐवजी फिनाइलअ‍ॅलानिन असलेल्या लॅसआरबद्दल लिहिलं; तो मूळ प्रथिनापेक्षा जास्त स्थिर आणि निरोपाला जास्त संवेदनशील. मॅडिसनच्या हेलन ब्लॅकवेल यांच्या गटाचं २०१४ चं काम त्याहून डोकं फिरवणारं. लॅसआरला अडवण्यासाठी बनवलेले कृत्रिम रेणू त्यांनी म्युटंटांवर टाकले, तर ५६, ६० किंवा १२९ या जागी बदल असला की तोच अडवणारा रेणू काही वेळा चालू करणारा ठरतो, आणि उलटही. जिवाणूला न मारता त्याचा निरोपच बंद करायचा, अशी औषधांची कल्पना आपल्याकडच्या प्रत्येक सेमिनारमध्ये एका स्लाइडवर असते. कल्पना चांगली आहे. पण एका अमिनो आम्लाच्या फरकाने औषध उलटं वागू शकतं, हे त्या स्लाइडवर कोणी लिहीत नाही.

आता रुग्णालयातले नमुने. स्यूडोमोनास दुसऱ्या धोका-गटातला, त्यामुळे हे काम बायोसेफ्टी कॅबिनेटमध्ये, हातमोजे, सगळा जामानिमा. दुधाच्या पावडरीच्या अगरवर ठिपके दिले की इलास्टेज आणि इतर प्रोटिएज सोडणारे जिवाणू आपल्याभोवती स्वच्छ पारदर्शक कडं करतात. काही नमुन्यांनी कडं केलंच नाही. त्यांतल्या काहींच्या वसाहतींवर धातूसारखी चमक होती, जी लॅसआर गमावलेल्या स्यूडोमोनासची ओळखीची खूण आहे. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांच्या फुप्फुसात वर्षानुवर्षं राहिलेल्या स्यूडोमोनासमध्ये लॅसआरची म्युटेशनं वारंवार सापडतात, हे २००६-०७ पासून नीट नोंदलं गेलं आहे. कारण असं सांगतात की बाकीचे जिवाणू विकरं बनवून बाहेर सोडतात, फुटलेलं अन्न सगळ्यांनाच मिळतं, मग बनवण्याचा खर्च टाळणारा पुढे जातो. नुसत्या केसीन या दुधातल्या प्रथिनावर वाढवलेल्या स्यूडोमोनासमध्ये असे फुकटे प्रयोगशाळेतही निपजतात. पण हे एकच कारण पुरेसं आहे असं मला वाटत नाही. फुप्फुसातल्या परिस्थितीत लॅसआर नसण्याचे चयापचयाचे स्वतंत्र फायदे असल्याचेही पुरावे आहेत.

या नमुन्यांतल्या लॅसआर जनुकाच्या अक्षरांची क्रमवारी वाचून आली तेव्हा गोंधळ वाढला. कडं न करणाऱ्या एका नमुन्यात लॅसआर अगदी धड. बिघाड दुसरीकडेच. आणि कडं करणाऱ्या एका नमुन्यात लॅसआरमध्ये एक अक्षर गळालेलं, म्हणजे प्रथिन अर्ध्यातच संपलेलं! त्याने मग कडं केलं कसं? २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका कामाने दिलासा दिला: काही रुग्णांतल्या जातींमध्ये लॅसआर गेला तरी आरएचएलआर हे दुसरं प्रथिन स्वतंत्रपणे कारभार चालवतं. वरिष्ठ अधिकारी जागेवर नसतानाही फायली हलतात, तसला प्रकार. तेव्हा लॅसआर मोडला म्हणजे कोरम सेन्सिंग संपलं, असंही म्हणायची सोय नाही. नमुनेदार जातींचंही असंच असतं. पटकीच्या जिवाणूची एन१६९६१ ही जात, जिचा जनुकसंच २००० मध्ये पहिल्यांदा वाचला गेला आणि जी जगभर प्रमाण मानून वापरली जाते, तिच्यात कोरम सेन्सिंगचं मुख्य प्रथिन हॅपआर म्युटेशनने निकामी आहे.

एका नमुन्यातलं म्युटेशन मात्र विचित्र होतं. निरोपाच्या खिशाच्या कडेला एक बदल. इ. कोलायमध्ये ३७ अंशांना दिवा नाही. ३० ला थोडा. आणि मूळ रुग्णाचा जिवाणू? दुधाच्या प्लेटवर छान कडं. इथे आरएचएलआरही जबाबदार असेल म्हणून आम्ही तेच म्युटेशन प्रयोगशाळेतल्या पीएओ१ जातीच्या गुणसूत्रावर घातलं. सॅकबी जनुक (ते असलेला जिवाणू साखरेवर मरतो) आणि साखरेच्या प्लेटचा दोन पायऱ्यांचा खेळ, ज्यात साखरेवर जगणारे तेवढे कामाचे. त्या पीएओ१नेही कडं केलं. आता?

उत्तर निरोपाच्या प्रमाणात होतं. चाचणीत आम्ही सी-बारा नॅनोमोलरमध्ये टाकत होतो, कारण मूळ लॅसआरला तेवढा पुरतो. पण दाट वाढलेला स्यूडोमोनास स्वतःच मायक्रोमोलरपर्यंत सी-बारा साठवतो, म्हणजे शेकडो पट जास्त. इतक्या निरोपात हा लंगडा म्युटंटही उभा राहतो, फक्त उशिरा. तासातासाला नमुने काढले तेव्हा ते स्पष्ट झालं: मूळ जात ज्या दाटीला इलास्टेज सोडू लागते, तिथे हा गप्प, आणि बऱ्याच जास्त दाटीला जाऊन तो सुरू होतो. सकाळी प्लेट उघडून बघणाऱ्याला दोघं सारखेच. कोरम गाठण्याचा आकडा तेवढा बदललेला.

व्हायव्हाला बाहेरचे परीक्षक आले होते. त्यांनी हा आलेख पडद्यावर बराच वेळ ठेवायला लावला. मग मागे, पहिल्या प्रकरणातल्या तक्त्यावर जायला सांगितलं.

“हा तिथे ‘निष्क्रिय’ आहे.”

“त्या चाचणीत आहे, सर.”

“मग तसं लिहा. कुठल्या पेशीत, किती अंशांना, किती निरोप घालून. प्रत्येक ओळीत.”

एवढी एकच दुरुस्ती होती. मान्य करून घरी आले, रकाने वाढवले, तर तक्ता उभ्या पानावर मावेना. आडवा केला. मग पानांचे क्रमांक सरकले, अनुक्रमणिका बदलली, आणि अप्पा बळवंत चौकाजवळचा बाइंडिंगवाला सगळ्या प्रती पुन्हा उसवताना म्हणाला, “मॅडम, एका पानासाठी?” मी हो म्हटलं आणि पेन ड्राइव्ह त्याच्या हातात दिला.